हात खाली घेण्याचा सराव



आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३५.

संदर्भ तुम्हाला माहीतच आहे. आधीच्या श्लोकात अर्जुन तक्रार करतो की हे मन वाऱ्यासारखं आहे, ते धरून ठेवणं माझ्याच्यानं होणार नाही. भगवंत त्याची तक्रार खोडून काढत नाहीत. अवघड आहे हे मान्य करतात आणि उपाय सांगतात: अभ्यास आणि वैराग्य. दोनच शब्द.

खरं सांगू? गेली कित्येक वर्षं मी यातला पहिलाच शब्द वाचत आलो. 'अभ्यास' म्हटलं की इंजिनिअर माणसाला बरं वाटतं. रोज करा, मोजा, सुधारा. 'वैराग्य' मात्र संन्याशांचं काम, आपल्याला काय त्याचं, असं म्हणून मी पुढे सरकायचो. हे दोन शब्द भगवंतांनी एकाच श्लोकात शेजारी का ठेवले, ते मला मागच्या महिन्यात थोडंसं कळलं. आणि कळलं ते एका पिस्तुलामुळे.

दचकू नका, सांगतो.

मी मूळचा मेहकरचा. नोकरी पुण्यात. मागच्या महिन्यात गावी गेलो होतो. का गेलो होतो ते पुढे येईलच, पण मन काही ठिकाणावर नव्हतं. पहाटे साडेपाचला जाग आली, बाहेरच्या खोलीत दिवा लागलेला दिसला. बघतो तर माझी पुतणी, अकरावीतली पोरगी, कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर उभी. डावा हात खिशात, उजव्या हातात एअर पिस्तूल. रिकामं. छर्ऱ्यांचा डबा शेजारच्या खोलीत, कपाटात बंद. ती हात उचलायची, पाच-सहा सेकंद स्थिर धरायची, ट्रिगर दाबायची, 'टक्' असा बारीक आवाज यायचा, हात खाली. वहीत एक रेघ. पुन्हा हात वर.

शनिवार-रविवारी ती एसटीनं दुसऱ्या शहरातल्या रेंजवर जाते. बाकीचे पाच दिवस हेच. याला ड्राय फायरिंग म्हणतात. मोठमोठे नेमबाज जेवढ्या खऱ्या गोळ्या झाडतात, त्याच्या कितीतरी पट वेळा असं रिकामं पिस्तूल चालवतात, असं तिनं सांगितलं.

मी विचारलं, "अगं, पण समोर टार्गेटच नाही. नेम कशावर धरतेस?"

ती म्हणाली, "काका, म्हणूनच तर भिंत कोरी आहे."

आणि मग तिनं मला जे समजावलं त्यावर मी दोन दिवस विचार करत होतो. आपल्याला लहानपणापासून पोपटाच्या डोळ्याची गोष्ट माहीत आहे. अर्जुनाला फक्त डोळा दिसतो, बाकी काही दिसत नाही. मला वाटायचं नेमबाजी म्हणजे हेच. पण पिस्तुलात उलट आहे. नजर ठेवायची ती नळीच्या टोकावरच्या माशीवर. माशी आणि मागची खाच एका रेषेत, तीक्ष्ण दिसली पाहिजे. टार्गेट धूसर दिसतं, आणि ते धूसरच दिसायला हवं. कारण डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्वच्छ पाहू शकतो. आता गणित बघा. माशी आणि खाच यांच्यात साधारण एक फुटाचं अंतर. तिथे एक मिलिमीटरची चूक झाली तर दहा मीटरवर छर्रा जवळजवळ तीन सेंटिमीटर बाजूला जातो. दहा गुणांचं वर्तुळ असतं साडेअकरा मिलिमीटरचं. म्हणजे हात किंचित थरथरला तर फार बिघडत नाही, पण नजर माशीवरून उडी मारून टार्गेटवर गेली की शॉट गेलाच. आणि नजर उडी का मारते? कुठे लागला ते बघण्याची घाई.

कर्म आणि फळ यांच्याबद्दलचा दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक आपण इतक्या वेळा ऐकलाय की तो गुळगुळीत झालाय. त्या पहाटे तो मला शब्दशः दिसला. फळ नाहीसं करायचं नाही. टार्गेट समोर असतंच, त्याच दिशेला हात असतो. फक्त नजर त्याच्यावर टेकवायची नाही. ते धूसर ठेवायचं.

मग मी तिला विचारलं, हे सगळं सावकाश चालतं तोवर ठीक, पण वेगाचं काय? ती म्हणाली, ते पुढचं. तिचा दहा मीटर एअर पिस्तूल प्रकार निवांत असतो, ६० शॉट्सना ७५ मिनिटं. वेगाचा खेळ म्हणजे २५ मीटर पिस्तूल. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांचा प्रकार. त्यात पहिले ३० शॉट्स संथ, पाच शॉट्सना पाच मिनिटं. पुढचे ३० वेगाचे. त्यात हात ४५ अंशांत खाली धरून उभं राहायचं. सात सेकंद थांबायचं, मग फक्त तीन सेकंद मिळतात. त्या तीन सेकंदांत हात वर, माशी स्थिर, एक शॉट, हात खाली. असं पाच वेळा. एकाच हातानं.

तीन सेकंदांत विचार करायला वेळ कुठे? म्हणून इथे घाई करून वेग येत नाही. हात वर येत असतानाच बोट ट्रिगरचा पहिला दाब घेऊ लागतं, हात थांबतो तेव्हा निम्मं काम झालेलं असतं. फालतू हालचाल काढून टाकली की उरतो तो वेग. ज्यांनी कोड लिहिलाय त्यांना हे लगेच कळेल.

२२ ऑगस्ट २०१८ ला पालेंबांगमध्ये आशियाई स्पर्धेची फायनल झाली, ती आठवून बघा. ५० शॉट्सनंतर राही आणि थायलंडची खेळाडू दोघीही ३४ वर. बरोबरी मोडायला पाच शॉट्स: पुन्हा बरोबरी, चार-चार. आणखी पाच: राही तीन, समोरची दोन. सुवर्ण. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला. मला यातला '५० पैकी ३४' हा आकडा फार आवडतो. सोळा शॉट्स चुकले आणि तरी सुवर्ण. प्रत्येक चुकलेल्या शॉटनंतर सात सेकंद मिळतात, त्यात मागचा शॉट मनातून सोडता आला तर पुढचा हातात राहतो. जप चुकला, दोन दिवस खंड पडला, आता काय उपयोग, असे मेसेज मला तुमच्यापैकी बरेच जण पाठवता. त्यांच्यासाठी हा आकडा.

इथपर्यंत सगळं छान आहे. अभ्यासाचा महिमा. आता अडचणीचा प्रश्न.

अभ्यासाला बरं-वाईट कळतं का?

महाभारताच्या आदिपर्वात एक गोष्ट आहे. अर्जुनाला अंधारात जेवायला वाढू नकोस, असं द्रोणांनी आचाऱ्याला बजावलेलं असतं. एका रात्री जेवताना वाऱ्यानं दिवा विझतो. अर्जुन जेवत राहतो आणि त्याच्या लक्षात येतं, हात अंधारातही तोंडापाशीच जातोय. कोणी दाखवत नाही, तरी चुकत नाही. सवय. तो उठतो आणि त्या रात्रीपासून अंधारात धनुष्याचा सराव सुरू करतो. प्रत्यंचेचा आवाज ऐकून द्रोण येतात आणि त्याला मिठी मारतात.

गोष्ट प्रेरणादायी आहे, रील बनवण्यासारखी आहे. पण त्याच गुरूकडे, त्याच मैदानावर आणखी एक मुलगा शिकत होता. गुरूचा स्वतःचा मुलगा, अश्वत्थामा. त्याचाही हात अंधारात चुकला नाही. युद्ध संपल्यावर रात्री तो छावणीत शिरला आणि झोपलेल्यांना मारलं, द्रौपदीच्या पाचही मुलांसकट. कौशल्यात काहीच कमी नव्हतं. वेग होता, अचूकता होती. सराव दोघांचा सारखाच पक्का.

म्हणजे सराव हा आंधळा आहे. तुम्ही जे पुन्हा पुन्हा कराल ते तो हातात घालून देतो आणि मग तुम्हाला विचारत नाही. हाच तर त्याचा फायदा, आणि हाच धोका. तीन सेकंदांच्या आत हात जे करतो त्याचा निर्णय त्या तीन सेकंदांत झालेलाच नसतो. तो आधी कधीतरी, एखाद्या साध्या पहाटे, कुणी बघत नसताना झालेला असतो.

आता माझं सांगतो. लिहायला जड जातंय, पण न लिहिलं तर हे चिंतन खोटं होईल.

माझा मोठा भाऊ मेहकरलाच असतो. बाबा गेल्यापासून शेत तोच बघतो. सोयाबीन, तूर, जे काय आहे ते. मी पुण्याहून सणावाराला जातो आणि पोत्यावर बसून फोटो काढतो. मागच्या वर्षी त्यानं घरच्या ग्रुपवर लिहिलं की विहिरीचं काम काढायचंय, कर्ज घ्यावं लागेल, तुझी सही लागेल. मी मीटिंगमध्ये होतो. स्क्रीनवर मेसेज दिसला आणि माझ्या अंगठ्यानं उत्तर टाइप केलं. आधीच्या पाच वर्षांचा हिशोब कोणी पाहिलाय का, असं एक वाक्य. पाठवलं. दहा सेकंद लागले असतील. मग मी पुन्हा मीटिंगमध्ये.

आई, वहिनी, पुतणी, सगळे त्या ग्रुपवर होते. दादा काही बोलला नाही. संध्याकाळी ग्रुपमधून बाहेर पडला. विहिरीचं काम राहिलं. आठ महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

या आठ महिन्यांत मी स्वतःला काय सांगत होतो? रागाच्या भरात झालं, मी तसा नाहीये. पण त्या पहाटे भिंतीसमोरची ती पोरगी बघताना मला कळलं की मी अगदी तसाच आहे. मी त्याचा सराव केलाय. ऑफिसात समोरच्याच्या बोलण्यातली चूक पकडायची, एका ओळीत त्याला गप्प करायचं, वर लोकांनी अंगठे दाखवायचे. दिवसातून वीस वेळा, दहा-बारा वर्षं. हे माझं ड्राय फायरिंग. दादाच्या मेसेजच्या वेळी फक्त छर्रा भरलेला निघाला.

थोड्या वेळानं पुतणीनं आणखी एक गोष्ट केली. हात वर नेला, माशी धरली, थांबली, आणि ट्रिगर न दाबताच हात खाली घेतला. वहीत वेगळ्या रकान्यात रेघ मारली. पुन्हा तसंच. दहा-बारा वेळा. मी विचारलं हे काय. ती म्हणाली, "हात खाली घेण्याचा सराव. हे सगळ्यात अवघड आहे, काका."

कारण असं असतं. हात वर गेला, सात-आठ सेकंद झाले, माशी बसत नाही, डोळा दमतो, थरथर वाढते. शहाणपण म्हणतं, हा शॉट सोडून दे, हात खाली घे, श्वास घे, पुन्हा उचल. वेळ भरपूर आहे. पण बोट म्हणतं, आता उचललाच आहे तर दाबून टाक. नव्या खेळाडूंचे वाईट शॉट्स बहुतेक इथेच जातात. नेम येत नसतो असं नाही, थांबता येत नसतं. म्हणून प्रशिक्षक थांबण्याचाही वेगळा सराव करून घेतात, म्हणजे ऐन वेळी तेही हाताला माहीत असतं.

मित्रांनो, मला वाटतं हेच ते वैराग्य. सगळं सोडून जंगलात जाणं फार लांबची गोष्ट. उचललेला हात, तयार झालेलं वाक्य, अगदी नेमकं लागेल असं माहीत असलेलं, ते न सोडता खाली घेणं. अभ्यास हात वर न्यायला शिकवतो. वैराग्य तो खाली आणायला. एकट्या अभ्यासाचा अश्वत्थामा होतो. सौप्तिकपर्वाच्या शेवटी पाहा, अश्वत्थामा आणि अर्जुन दोघांनीही ते भयंकर अस्त्र सोडलं. व्यास आणि नारद मध्ये उभे राहिले. अर्जुनानं आपलं अस्त्र मागे घेतलं. अश्वत्थाम्याला ते मागे घेताच येईना. फरक तिथे होता.

कोणी म्हणेल, प्रत्येक वेळी थांबत बसलो तर करणार काय? काही क्षण खरंच तीन सेकंदांचे असतात. मान्य. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर मुंबई पोलिसांचे तुकाराम ओंबळे हातात नुसती लाठी असताना पुढे झाले आणि त्यांनी कसाबची रायफल धरली. गोळ्या अंगावर घेतल्या, सोडली नाही. कसाब जिवंत सापडला तो त्यामुळे. तिथे विचाराला वेळ नव्हता, आणि थांबणं म्हणजे चूक ठरलं असतं. असे क्षण येतात, आणि तेव्हा आपण जे घडलेलो असतो तेच बाहेर पडतं.

पण प्रामाणिकपणे मोजा. तुमच्या-माझ्या आयुष्यात असे तीन सेकंद किती वेळा येतात? माझ्या दादाच्या मेसेजला घड्याळ लावलेलं नव्हतं. मला ७५ मिनिटं होती. ७५ दिवससुद्धा होते. निवांत सामना मी वेगाचा समजून खेळलो. आपल्या पिढीचं हे मोठं दुखणं आहे असं मला वाटतं. २५ मीटरच्या खेळात क्रमसुद्धा बघा: आधी संथ ३० शॉट्स, मगच वेगाचे. आपण थेट दुसऱ्यापासून सुरुवात करतो.

उरला एक प्रश्न, जो मला आईनंही विचारला: देवाधर्माच्या घरात पोरीच्या हातात पिस्तूल बरं दिसतं का? त्या दिवशी दुपारी आम्ही दोघं बालाजीच्या दर्शनाला गेलो. मेहकरचा आमचा देव म्हणजे शारंगधर बालाजी. १८८८ मध्ये जमिनीतून सापडलेली काळ्या पाषाणाची भव्य मूर्ती. लहानपणापासून हात जोडत आलोय, पण नावाचा विचार केला नव्हता. शार्ङ्ग म्हणजे विष्णूचं धनुष्य. शारंगधर म्हणजे ते धारण करणारा. आणि मूर्तीच्या हातांत पाहिलं तर पद्म आहे, शंख आहे, चक्र आहे, गदा आहे. धनुष्य नाही. नाव धनुष्याचं, पण हातात ते धरलेलं नाही. मूर्तिशास्त्रात याची कारणं वेगळी असतील, मी माझ्यापुरतं एवढंच घेतलं की सामर्थ्य असणं आणि ते सतत उगारलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आईला मी म्हटलं, तुझी नात रोज पहाटे जे शिकतेय ते मला चाळिशीजवळ येऊनही आलेलं नाही. पिस्तुलाची काळजी करू नकोस. माझ्या अंगठ्याची कर.

संध्याकाळी दादा शेतातून आला. मी ओसरीवर बसलो होतो. हातपाय धुऊन तो आत गेला, बाहेर आला तो एक जुनी वही घेऊन. माझ्यासमोर ठेवली.

"पाय. पाच वर्षांचं सगळं लिहिलेलं हाय."

आणि माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. लगेच. 'अरे दादा, मी तसं म्हटलंच नव्हतं.' किती गुळगुळीत, किती सरावातलं वाक्य. त्यानं प्रसंग निभावला असता. पण ते खोटं होतं, आणि त्याला कळलं असतं की खोटं आहे.

मी हात खाली घेतला. म्हणजे गप्प बसलो. किती वेळ ते सांगता येणार नाही, मला फार वाटला. मग म्हणालो, "दादा, मी तसंच म्हटलं होतं. सगळ्यांसमोर म्हटलं. चुकलं माझं."

तो काही बोलला नाही. वही त्यानं उचलली नाही आणि मीही उघडली नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "जेवून घे, थंड होते."

सगळं मिटलं असं मी लिहिणार नाही. तो अजून ग्रुपवर परत आलेला नाही. सहीचे कागद मात्र मी येताना करून आलो.

आजचा संकल्प छोटा आहे. आज दिवसभरात एकदा तरी, उत्तर टाइप झाल्यावर, ते अगदी अचूक आहे याची खात्री असताना, ते खोडून टाका. फोन खाली ठेवा. आणि माझ्या पुतणीसारखी वहीत वेगळ्या रकान्यात एक रेघ मारा. लागलेल्या शॉट्सच्या रेघा आपण सगळेच मोजतो. ही दुसरी रेघ मोजायला लागू या.

माझ्या वहीत आजपर्यंत अकरा झाल्यात. चुकलेल्यांचा आकडा विचारू नका.

जय हरी.